हिरवी वायर आधी

वैशाख अर्धा सरला की जळगावात सावलीसुद्धा तापते. मेहरूण तलावावर फिरायला जाणारी माणसं सूर्य वर यायच्या आत घर गाठतात. भाजीवाली कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकून बसते आणि नळाला सकाळी नऊलाच आंघोळीचं कढत पाणी येतं. अशाच एखाद्या सकाळी वीज जाते. पंखा सवयीने चार फेरे जास्त घेतो आणि थांबतो. मग कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर कुणीतरी जनरेटरची दोरी ओढतं. तो दोनदा खोकतो आणि तिसऱ्यांदा धरतो.

गेल्या आठवड्यात असंच झालं. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. जनरेटर सुरू झाला आणि मी उठून उभा राहिलो, हातात लाल पेन तसंच. "कुठे निघालात?" बायकोने विचारलं. खरंच, कुठे निघालो होतो मी? ती म्हणाली, "बसा. फक्त लाइट गेलीय." मी बसलो. पण पुढच्या चार उत्तरपत्रिकांना काय गुण दिले ते मला आठवत नाही. संध्याकाळी त्या पुन्हा तपासाव्या लागल्या.

तीन वर्षं झाली. एका वैशाखातल्या एका दिवसाचा माझ्या मनातला गुंता अजून सुटलेला नाही. दुःखाचे दिवस आठवणीत स्वच्छ उतरतात असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मला त्या दिवसातलं आठवतं ते रंग, डावं-उजवं आणि एक सारखा चाललेला फटफट आवाज.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुकानाच्या पाटीवर 'रिवाइंडिंग' असं लिहिलेलं होतं. गावात त्याला 'मोटर भरणं' म्हणतात. जळालेली मोटर उघडायची, आतलं करपलेलं तांबं उपसून काढायचं आणि नवी तार भरायची. लोकांचा लग्नाचा हंगाम असतो, आंब्याचा असतो. आमच्या घरी मोटारी जळण्याचा हंगाम असायचा. चैत्र-वैशाखात केळीला पाणी तर रोज हवं, व्होल्टेज मात्र पुरत नाही. मोटर घुमते, तापते आणि एका क्षणी गप्प होते. मग शेतकरी ती बैलगाडीत, पुढे पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आमच्या ओट्यावर आणून ठेवायचा आणि आजाऱ्याजवळ बसावं तसा तिच्याजवळ बसून राहायचा.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीचा माझा वास हा आंब्याचा वास नाही. करपलेल्या तारेचा, उन्हात वाळत घातलेल्या व्हार्निशचा, आणि त्या दोन्हींवर मधूनच येणाऱ्या आबांच्या तपकिरीचा. माझी धाकटी बहीण सुमन त्या वासात जन्मली असावी. ती पाचवीत असतानाच आबांच्या समोर मांडी घालून तार गुंडाळायला बसायची. आबा बोलायचे कमी. नुसता हात पुढे करायचे आणि सुमी त्यात बरोबर लागेल ती वस्तू ठेवायची.

मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो, त्या उन्हाळ्यात त्यांनी मलाही बोलावलं. टेबलफॅनची वायर आणि एक नवा टॉप माझ्यापुढे ठेवला. टॉप म्हणजे भिंतीतल्या सॉकेटात खोचतात तो तीन पिनांचा तुकडा. "जोड," म्हणाले. मी जोडला. मला वाटलं बरोबर जोडला. सॉकेटात खोचल्याबरोबर फाटकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, घराचा फ्यूज गेला, आणि माझा हात कोपरापर्यंत झिणझिणला. आबांनी आधी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली. मग टॉप माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "तू पुस्तकं वाच भो. तुना हात ह्या कामना नहीत."

बस्स. त्यानंतर मला दुकानात कधी हाक आली नाही. मी पुस्तकं वाचली, मराठीचा प्राध्यापक झालो, जळगावला घर केलं. सुमीने डिप्लोमा केला आणि ती थेट कोइम्बतूरला गेली. तिथे एका पंपांच्या कारखान्यात ती मोटारी तपासते. आबांच्या त्या एका वाक्याने माझी सुटका झाली की त्यांनी मला मोडीत काढलं, हे मला त्यांच्या हयातीत कधी विचारता आलं नाही. दोन्ही अर्थ मी आलटून पालटून वापरत आलो आहे, जसा दिवस असेल तसा.

आबा गेले ते संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी. आजारी वगैरे नव्हते. ओट्यावर बसून चहा प्यायले, कप खाली ठेवला, भिंतीला टेकले. आई आठ वर्षांपूर्वीच गेलेली. घरात ते एकटेच असत. त्या आठवड्यात सुट्टी म्हणून मी तिथे होतो, एवढंच.

सुमीला फोन केला तेव्हा तिने आधी कधी गेले ते विचारलं. मग म्हणाली, "दादा, मी येईपर्यंत नेऊ नका." एवढंच. रात्रीचं विमान मुंबईपर्यंत, सकाळी मुंबईहून जळगावची गाडी, तिथून जीप. दुपारी तीनच्या आत काही ती गावात पोहोचत नव्हती.

वैशाखातली दुपार. तोवर थांबायचं कसं? चोपड्याच्या एका सेवाभावी मंडळाकडे शवपेटी असते. पत्र्याची लांबट पेटी, वर काचेचं झाकण, खाली फ्रिजसारखी मोटर आणि लांबलचक वायर. विजेवर चालते. ती टेम्पोने आली, आबांना तिच्यात ठेवलं, आणि रात्र सरली.

आबांचे थोरले भाऊ, आमचे नाना, सकाळी सातलाच काठी टेकत अंगणात आले. ऐंशीच्या पुढचे. पेटीजवळ गेलेच नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "वसंता, ऊन चढी राह्यनं. बारा वाजाना आत लई चला."

मी म्हटलं, "नाना, सुमी निघालीय. तीनपर्यंत पोचेल."

"सुमी ई तवय ई. आंडोर आठे शे, मंग कोनी वाट देखनी?"

सुमी येईल तेव्हा येईल, मुलगा इथे हजर आहे, मग कुणाची वाट बघायची, असं त्यांचं म्हणणं. जमलेल्या चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मला त्यांचंही पटत होतं आणि सुमीचंही. माझं स्वतःचं असं काय मत होतं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. मी इतकंच म्हटलं, "पेटी चालू आहे तोवर थांबू." जणू निर्णय पेटीवर सोडला.

साडेआठला कोपऱ्यावरची डीपी जळाली.

डीपी म्हणजे गावाला वीज वाटणारी खांबावरची पेटी. उन्हाळ्यात ती जळणं आमच्याकडे नवीन नाही. मोठा आवाज झाला, कावळे उडाले, घरातल्या सॉकेटातून जाळ निघाल्यासारखं दिसलं आणि शवपेटीची घरघर थांबली. मी टॉप उपसून काढला तर त्याची एक पिन काळी पडून आतल्या आत वितळलेली. गावातला वायरमन डीपीकडे धावला होता, आणि लाइट संध्याकाळपर्यंत येणार नाही असा निरोप तिकडून आला.

एरवी असं काही झालं की गाव आबांकडे यायचं. त्या सकाळीही एक-दोघांचे डोळे सवयीने आबांच्या खुर्चीकडे गेले. मग ते खाली बघू लागले.

मांडववाले रघुभाऊ शेजारीच राहतात. न सांगता त्यांनी लोटगाडीवर आपला लहान जनरेटर आणला. खाली ठेवून घाम पुसत म्हणाले, "टॉप जयी गया? काय बिघडनं? वायरी सोलीसन सॉकेटमा खोसू, वरथून काडीपेटीन्या काड्या ठोकू. बठ्ठा मांडव मी असाच चालाडस."

उघड्या वायरी सॉकेटात घालून त्या काड्यांनी घट्ट करायच्या. मी पाहिलं होतं तसं करताना, लग्नात, गणपतीत. चालतं ते. मी "हो" म्हणणार होतो. तेवढ्यात सुमीचा फोन आला.

"दादा, कसं आहे सगळं?"

मी सांगितलं. डीपी, टॉप, नाना, काड्या. कुठलं आधी, कुठलं नंतर याचा काही धरबंद न ठेवता सांगितलं. आम्ही भावंडं लहानपणापासून एकमेकांशी शाळेतल्या मराठीत बोलतो. हे सांगताना मात्र माझ्या तोंडून अहिराणीच आली.

तिने मध्येच थांबवलं. "पेटीखाली पाणी ठिबकतंय का?"

मी पाहिलं. फरशीवर ओल होती. थंड पेटीला बाहेरून घाम सुटला होता.

"लोक येऊन पेटीला हात लावतात का?"

"लावणारच ना. डोकं टेकवतात."

"मग काड्या नाही. अजिबात नाही. पेटी पत्र्याची आहे, फरशी ओली आहे. तू टॉप जोडायचा."

"मी?"

"दुसरं कोण आहे तिथे?"

मी चहूकडे बघितलं. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. दुसरं कुणी नव्हतं.

"आबांच्या टेबलाचा डावीकडचा खालचा खण. तिथे टॉप असतील. पेचकस वरच्या खणात. झाकण उघडू नका पेटीचं, आतला थंडावा तासभर तरी राहील. आणि दादा, जनरेटर घराजवळ नको. अंगणाच्या टोकाला ठेवा, धूर घरात यायला नको."

मी दुकानात गेलो. आबांच्या खणात हात घालायची मला सवय नव्हती. माणूस गेल्यावर त्याच्या खणात काहीतरी सापडतं असं गोष्टींमधून असतं. जुनं पत्र, फोटो. आबांच्या खणात चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. स्क्रू होते, मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. वायसर होते. चार टॉप होते, त्यातला एक मोठा, जाड पिनांचा. तो पेटीच्या कामाचा होता. उगाच माझ्या मनात आलं की हा त्यांनी कुणासाठी तरी आणून ठेवला असेल. ते गिऱ्हाईक आता येईल आणि आपण काय सांगायचं?

ओट्यावर बसलो. फोन स्पीकरवर ठेवला. रघुभाऊ, दोन-तीन शेजारी भोवती उभे. नाना लांब निंबाखाली, आमच्याकडे पाठ करून.

"जुना टॉप कापून टाक. वरचं आवरण दोन बोटं सोल. आत तीन वायरी असतील. रंग सांग."

इथेच माझं सगळं बिनसलं. माझ्या डोक्यात शाळेत पाठ केलेले तीन रंग होते: लाल, काळा, हिरवा. लाल गरम, काळी थंड, हिरवी जमिनीची. आतून निघाल्या त्या तपकिरी, निळी, आणि एक पिवळे पट्टे असलेली हिरवी.

"लाल नाहीच," मी म्हटलं. "काळीही नाही. सुमे, ही वायर वेगळीच आहे."

"वेगळी नाही. आता असेच रंग येतात. तपकिरी म्हणजे तुझी लाल. निळी म्हणजे तुझी काळी."

"नक्की?"

"दादा, मी रोज हेच काम करते."

"बरं. मग तपकिरी कुठे लावू?"

"तपकिरी नाही. हिरवी आधी. मोठ्या पिनेला, वरच्या."

रघुभाऊ फोनकडे वाकून म्हणाले, "हिरवी कसाले व बहीन? दोन वायरीवर बठ्ठं चालस."

"चालतं भाऊ," सुमी म्हणाली, "मशीन चालतं. पण आत काही उतरलं तर पत्र्यात करंट येतो. लोक आबांना हात लावायला येणार आणि त्यांना..." तिचा आवाज तिथे पहिल्यांदा अडकला. आणि नेमका फोन बंद पडला.

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत राहिलो. दोन मिनिटं, तीन. गाडी कसाऱ्याच्या घाटात असेल, बोगद्यात, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला वाटलं ती रडायला बसली आणि आता मला पुढचं कुणी सांगणार नाही. मी हिरवी वायर मोठ्या पिनेच्या भोकात घातली आणि स्क्रू आवळला. तो फिरता फिरेना. मग कळलं, उलटा फिरवतोय.

फोन पुन्हा वाजला. "बोगदा होता. कुठवर आलं?"

"हिरवी लावली."

"छान. आता तपकिरी उजवीकडे, निळी डावीकडे."

मी टॉप हातात धरला. उजवीकडे. मग तो फिरवून पिना माझ्याकडे केल्या. आता उजवीकडे दुसरंच भोक आलं.

"कुणाच्या उजवीकडे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माझ्या, का टॉपच्या?"

ती हसली. खरंच हसली. बाप पेटीत, ती बोगद्यांच्या मध्ये, आणि ती हसली, आणि मग मीही. भोवतीची माणसं चमकून बघायला लागली. नानांनी मान वळवून पाहिलं. मला कसंसंच झालं. पण हसू थांबेना.

"पिना तुझ्यापासून लांब धर," ती म्हणाली. "पाठ तुझ्याकडे. मोठी पिन वर. आता तुझ्या उजव्या हाताला जे भोक, ते तपकिरीचं. तिथे एल असं अक्षर असेल बघ."

अक्षर होतं, पण चष्म्यातूनही ते मला एल दिसेना, आय दिसेना. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. तारेचे केस एकत्र पिळले. एखादा जरी बाहेर राहिला तरी चालणार नाही, असं तिने दोनदा बजावलं. माझी बोटं घामाने घसरत होती. तपकिरी लावली, निळी लावली. वायरीला धरून ठेवणारी पट्टी आवळली. "आता ओढून बघ," ती म्हणाली. "जोरात ओढ. सुटायचं असेल तर आत्ता सुटू दे." मी ओढलं. सुटलं नाही. झाकण बसवलं.

हे मी इतकं सविस्तर का लिहितोय? कारण त्या सकाळचं दुसरं मला काहीच असं सलग आठवत नाही. कोण कोण येऊन भेटून गेलं, कुणी गळ्यात पडून रडलं, मी काय बोललो, सगळं पुसट. आणि त्या टॉपमधला प्रत्येक स्क्रू मात्र लख्ख दिसतो. वडील गेल्याच्या दुसऱ्या सकाळी माणसाने डाव्या-उजव्याचा विचार करावा, याची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत होती. आता वाटते की नाही, सांगता येत नाही.

रघुभाऊंनी दोरी ओढली. जनरेटर फटफटू लागला. आबांचा टेस्टर मी जनरेटरच्या सॉकेटला लावून पाहिला तर तो एका भोकात मंद पेटला आणि दुसऱ्यातही मंद पेटला. घरच्या सॉकेटात एकातच पेटतो एवढं मलाही माहीत होतं. सुमीला विचारावं तर फोन पुन्हा बोगद्यात. खोचावं की नाही? मी टॉप हातात घेऊन उन्हात उभा राहिलो. आणि मला दहावीच्या सुट्टीतला तो फाटकन आवाज ऐकू आला, हात कोपरापर्यंत झिणझिणला. अजून खोचलेलं नव्हतं तरी.

नाना निंबाखालून ओरडले, "व्हस का नही?"

मी खोचला.

काही झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. मी पळत घरात गेलो. पेटीवर लाल दिवा लागला होता, पण मोटर गप्प. मी पेटीला कान लावला. बाहेर जनरेटर, आत शांत. बायकांच्या रडण्याचा सूर एकदम खाली आला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मी काय चुकलो असेन? रंग? बाजू? ती अक्षरं? मी मनातल्या मनात टॉप पुन्हा उघडून बघत होतो, आणि प्रत्येक वेळी वायरी वेगळ्याच भोकांत दिसत होत्या.

दारात नाना आले होते. आत पाऊल न टाकता उंबऱ्याशीच उभे. म्हणाले, "जाऊ दे रे वसंता. झायं. उचला आते."

मी "हो नाना" म्हणालो. म्हणालोच होतो. माझ्या तोंडून ते शब्द गेले होते. आणि पेटीने एक गचका दिला, खालून गुरगुर उठली आणि काच थरथरायला लागली.

पुढे सुमीने सांगितलं, अशा यंत्रांना वीज आल्यावर तीन मिनिटं थांबायला शिकवलेलं असतं, मोटर जळू नये म्हणून. आणि टेस्टर दोन्हीकडे मंद पेटतो, कारण सुट्या जनरेटरची वायर घरच्या विजेसारखी जमिनीशी बांधलेली नसते. सगळ्याला कारण होतं. मलाच एक माहीत नव्हतं.

त्यानंतरचे सहा तास अंगणात सगळे ओरडून बोलत होते. जनरेटरचा आवाजच तसा. सांत्वन करायला आलेली माणसं माझ्या कानाशी येऊन "फार वाईट झालं!" असं ओरडायची आणि मी ओरडून "हो!" म्हणायचो. चहा हवा का ओरडून विचारायचे. कुजबुजीने बोलायच्या गोष्टी आम्ही सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बोलत होतो, आणि तरी शेजारच्यालाही त्या नीट ऐकू येत नव्हत्या.

नानांचं मला कोडं पडलं होतं. थांबायला त्यांचा विरोध; पण पेटी सुरू झाल्यापासून ते जनरेटरजवळच्या निंबाखालून हलले नाहीत. वाटेत पडलेल्या वायरीवर कुणी पाय देईल म्हणून काठी आडवी धरून बसले. गाईचं वासरू आलं, त्याला हुसकलं. पेट्रोल संपत आलं की काठी आपटून रघुभाऊंना हाक मारायचे. जेवले नाहीत. घरात मात्र एकदाही आले नाहीत. मी पाणी घेऊन गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून किती टाईम?" मला वाटलं, घाई आहे त्यांना, अजून. थोडा रागही आला.

सव्वातीनला जीप आली. सुमी उतरली. तिने पिशवी जमिनीवर ठेवली आणि घराकडे न येता अंगणाच्या टोकाला गेली, जनरेटरकडे. मला वाटलं तिला दार सापडत नाहीये. तिने वाकून सॉकेटातल्या टॉपवर तळहात ठेवला. क्षणभर तसाच ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग वायरीवरून हात फिरवत फिरवत, ती वायर जिकडे जात होती तिकडे, ओट्यावर आली. माझ्याजवळ येऊन कानात ओरडली, "गरम नाही झालेला, दादा!"

आणि तिथेच ओट्यावर बसली. आम्ही दोघं बसलो. मग तिला मी आत नेलं.

ती पेटीजवळ किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. काचेवर तिने कपाळ टेकवलं होतं. तिच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, ती पदराने पुसायची, पुन्हा बघायची. काही बोलली असेल तर ते मला ऐकू आलं नाही. बायकांनी तिला धरून बाहेर आणलं तेव्हा तिचा चेहरा मला पाचवीतल्या सुमीसारखा दिसला. की मला तसा हवा होता, कोण जाणे.

तिरडी बांधून तयार होती. रघुभाऊ जनरेटरची किल्ली फिरवायला वाकले, तेव्हा सुमीने हात वर केला. "थांबा भाऊ. आधी लोड काढायचा, मग बंद करायचा." तिने स्वतः टॉप उपसून काढला. घरातली गुरगुर थांबली असावी. जनरेटर ओझं उतरल्यासारखा थोडा वेळ सुसाट फटफटला. मग रघुभाऊंनी किल्ली फिरवली.

आवाज बंद झाला. सहा तासांनी एकदम. कानात नुसतं सूं झालं. आणि त्या शांततेत, निंबाखालून, नानांचा आवाज आला. ते आमच्याकडे पाठ करून आपल्या म्हाताऱ्या मित्राच्या कानाशी बोलत होते, दिवसभर सगळे बोलत होते तसंच, गळा फाडून. जनरेटर थांबल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"धाकला शे तो मना! माले त्याना तोंडकडे देखाई नही राह्यनं, म्हनीसन घाई करी राह्यंतू मी!"

सगळ्या अंगणाने ते ऐकलं. धाकटा आहे तो माझा. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून घाई करत होतो.

नाना थांबले. आवाज बंद झालाय हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी वळून पाहिलं, आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांची मान खाली गेली. काठी हातातून सुटली आणि कुणाला ती उचलायचं सुचलं नाही.

सुमी चालत गेली. तिने काठी उचलली नाही. नानांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, अहिराणीत, हळू आवाजात, "चला नाना. मी शे ना संगे."

दोघं उंबऱ्यापाशी आली. नाना क्षणभर अडखळले. मग त्यांनी पाऊल आत टाकलं.